मुखरूच्या बल्ल्यांची टोकं

फॉरेस्टची गाडी मुखरूच्या अंगणात उभी राहिली तेव्हा मी शेडमध्ये खिळे निवडत बसलो होतो. इंजिनाचा आवाज ऐकला, तो बंद झाला तेही ऐकलं. पण दीड इंची आणि दोन इंची खिळे एकमेकांत मिसळले होते आणि त्या वेळी मला तेच मोठं काम वाटत होतं.

तळ्यापलीकडच्या जंगलात कोणीतरी सागाची कोवळी झाडं पाडली होती, छपराला लागणाऱ्या बल्लीच्या, म्हणजे गोल वाशाच्या, जाडीची. खुंट तिथेच होते, माल गायब होता. फॉरेस्टवाले घरोघर फिरून बघणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला काळजी नव्हती. माझ्या शेडमध्ये सागाच्या चार बल्ल्या होत्या, पण त्या शेजारच्या मुखरू मडावीच्या होत्या, सरकारी डेपोतून रीतसर घेतलेल्या. मुखरूकडे त्यांचा वाहतूक पास होता.

हिवाळ्यात हत्तींचा कळप आमच्या बाजूला उतरला होता. मुखरूच्या घरात धानाची पोती होती, तो वास त्यांना लागला. मागची भिंत पडली आणि अर्धं छप्पर खाली आलं. माणसं वाचली. तेव्हापासून मुखरू आणि त्याची बायको बुधरी उरलेल्या छपराखाली, एका बाजूला प्लास्टिक बांधून राहत होते. भिंत त्यांनी मातीची पुन्हा उभी केली. छपरासाठी बल्ल्या आणल्या, पण त्या उघड्यावर ठेवायच्या कशा? मीच म्हणालो, माझ्या शेडमध्ये ठेव. मिरग लागायच्या आत, पावसाआधी, छप्पर चढवायचं असं ठरलं होतं.

शेड घराच्या मागे आहे, कवेलूची, म्हणजे कौलारू. तालुक्याच्या वाचनालयात मी नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी या शेडमध्ये सुतारकी केली. कोणी शिकवली नाही. पुस्तकात बघून केली आणि ते माझ्या स्टुलांकडे पाहून कळतं. पुढे हात थरथरायला लागले. करवत रेघेवर राहीना, तेव्हा मी दार ओढून घेतलं. शेडमध्ये तुराट्या आल्या, मोडकी सायकल आली, कोंबड्या आल्या. सत्यशीला, माझी बायको, त्या शेडला ‘तुमचा कारखाना’ म्हणते, आणि कारखाना बंद पडला हे तिने सगळ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं.

या उन्हाळ्यात नंदिनीने, माझ्या मुलीने, नागपूरहून फोनवर सांगितलं, "बाबा, खुर्च्या-टेबलं नका करू. नुसतं आवरायला घ्या. आज एक डबा, उद्या एक खुंटी. हात आपोआप चालायला लागतात." तिने काही व्हिडिओही पाठवले. त्यातल्या माणसांच्या भिंतींवर प्रत्येक हत्याराची जागा आखलेली होती. मला ते फार आवडलं. वाचनालयात मी तेच तर करत होतो.

मग मी कोंबड्यांना बाहेर काढलं. रिकामे डबे धुतले, त्यात खिळे, स्क्रू, बिजागऱ्या वेगवेगळ्या केल्या. जुन्या लाकडी पाटीला खुंट्या ठोकून करवती टांगल्या. पटाश्या आणि पेचकस उभे राहतील असा एक स्टँडही पुढे केला. हात थरथरत होते, पण छोट्या कामात थरथर फारशी आडवी येत नव्हती. मुखरूच्या बल्ल्या जमिनीवर पडलेल्या बघवेनात, म्हणून भिंतीला लाकडी हात ठोकून त्यांच्यावर त्या आडव्या लावल्या. सगळ्यात लांब बल्ली, मुखरूच्या आढ्याची, दारात आडवी येत होती. सगळ्यांची बुडं मागेपुढे होती. ती सारखी केली.

अंगणात बोलणं ऐकू आलं आणि मी उठलो. पुढे मुखरू, त्याच्या मागे खाकीतली एक तरुण बाई, तिच्या मागे गार्ड. गार्डला मी ओळखत होतो, निकेश, पलीकडच्या गावचा. बुधरी कुंपणापाशीच थांबली.

"पाहा मॅडम, इथी हायेत," मुखरू म्हणाला. "भाऊनं ठेवल्या. माह्या घरी तं छप्परच नाई."

"या, या," मी म्हणालो. मला लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला होता. शेड आवरल्यापासून ती बघायला कोणी आलं नव्हतं.

बाईंनी आपलं नाव दीपिका सांगितलं. राउंडच्या अधिकारी म्हणून त्या नव्याच आल्या होत्या. त्यांनी चारही बाजूंना बघितलं. "फारच व्यवस्थित ठेवलंय काका," त्या म्हणाल्या.

"कारखाना पुना सुरू झाला का भाऊ?" निकेश म्हणाला. "मंत्री बोलवा उद्घाटनाले."

सत्यशीला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. "मंत्री कायले? कोंबड्याच बोलवा. त्यायचं घर हिसकून घेतलं ह्यायनं."

सगळे हसले, मॅडमही. मग त्यांनी हातातला पास उलगडला आणि म्हणाल्या, "चार नग. हॅमर दाखव, मुखरू."

हॅमर म्हणजे डेपोतला ठसा. विकलेल्या प्रत्येक लाकडाच्या बुडाशी लोखंडी हातोड्याने तो मारतात. त्या ठशाशिवाय आमच्याकडे सागाचं लाकूड चोरीचं धरतात. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

"बुडाले हाय मॅडम," मुखरू म्हणाला आणि वाकला.

तो वाकलेलाच राहिला. मग त्याने एका बुडावरून अंगठा फिरवला, दुसऱ्या, तिसऱ्या. मॅडम त्याच्याशेजारी वाकल्या. चारही बुडं ताजी कापलेली होती, सारखी, वर रंध्याने घासून गुळगुळीत केलेली. मी ती मोठ्या मेहनतीने केली होती.

मी पाटीवर टांगलेल्या करवतीकडे बघितलं.

"हामर तं होता," मुखरू म्हणाला. तो मॅडमकडे बोलत होता, पण बघत माझ्याकडे होता.

"होता म्हणजे?" मॅडमचा आवाज बदलला. "ताजा काप आहे हा. निकेश, हात लाव."

निकेशने हात लावला. आता तो हसत नव्हता. "ताजाच हाय."

"मुखरू, आता मी सांगते काय झालं असेल ते. डेपोच्या बल्ल्या तू कुठेतरी देऊन टाकल्यास. तळ्यापलीकडून नवीन आणल्यास. पास जुना, माल नवा. ठसा नाही म्हणून बुडं कापून ठेवलीस, की विचारलं तर म्हणायचं, होता."

"नाई मॅडम. देवाची आन. म्या कायले कापन?"

"कापल्या तर आहेत ना. कोणी कापल्या?"

मुखरूने माझं नाव घेतलं नाही. बुधरी कुंपण सोडून दोन पावलं आत आली. सत्यशीला तांब्या घेऊन तशीच उभी होती. बोलायची वेळ माझी होती. माझं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. आयुष्यभर माझं असंच होत आलं आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की शब्द मला नीट रांगेत दिसतात, फक्त बाहेर येत नाहीत. त्यात गाडी होती, खाकी होती, आणि मी असाही विचार केला, हे मी लपवणार नाही, की अजून थोडा वेळ गप्प राहिलो तर काय होईल.

"बल्ल्या गाडीत घ्या," मॅडम निकेशला म्हणाल्या. "आणि मुखरू, तू चल आमच्यासोबत. बयान द्यावं लागेल."

निकेशने पहिल्या बल्लीला हात घातला. मुखरूने खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. जायची तयारी म्हणून.

"अवो, बोला ना!" सत्यशीला ओरडली. "तोंडात काय खिळे धरून राह्यले का?"

"मी," मी म्हणालो. "मी कापल्या."

मॅडम वळल्या. "तुम्ही?"

"हो. त्या... त्या सारख्या दिसत नव्हत्या."

हे बोललो तेव्हा ते किती वेडगळ आहे हे मला ऐकू आलं. निकेशने बल्ली सोडली.

"काका, तुम्ही इथलेच ना? हॅमर असतो हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण दिसला नाही. बुडांना शेण होतं."

"शेण?"

मग मला सगळं सांगावं लागलं, अडखळत. लाकडाच्या टोकांना शेण थापलं तर ती वाळताना तडकत नाहीत, असं मी वाचलं होतं. बल्ल्या आल्या त्याच दिवशी मी बुधरीला ते सांगितलं आणि तिने चारही बुडांना चांगलं जाड शेण थापलं. दीड-दोन महिन्यांत ते वाळून दगड झालं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मला फक्त घाण, वाकडी बुडं दिसली. एक बल्ली कापायची गरज होती, कारण ती दारात येत होती. बाकीच्या तीन मी हौसेखातर कापल्या.

"हो जी," बुधरी हळूच म्हणाली. "म्याच थापलं शेन. भाऊनं सांगतलं म्हून."

मॅडमनी माझ्याकडे आणि मग बुधरीकडे बघितलं. मी खरं बोलतो आहे की मुखरूला वाचवतो आहे, हे त्या ठरवत असाव्यात. मीही त्यांच्या जागी असतो तर विश्वास ठेवला नसता.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "मग कापलेले तुकडे कुठे आहेत? त्यांच्यावर ठसा असेलच. आणि तुकडा बल्लीला जुळला पाहिजे. दाखवा."

तुकडे. चार चकत्या होत्या, चार बोटं जाडीच्या. मी आठवायचा प्रयत्न केला आणि डोक्यात नुसता भुसा उडाला. कापले, मग काय केलं? आमच्याकडे लाकडाचा कुठलाही तुकडा शेवटी न्हाणीच्या चुलीत जातो. सत्यशीलाकडे बघायची मला हिंमत होईना.

"चुलीत तं नाई टाकले?" मुखरूने विचारलं. त्याने ते इतक्या हळू विचारलं की मला तो रागावलेला चालला असता.

सत्यशीला म्हणाली, "टोपल्यातले लाकडं म्या रोज जाळतो. मले काय मालूम कोनतं काय हाय ते?"

निकेश न्हाणीकडे गेला. टोपली उपडी केल्याचा आवाज आला, मग राख उकरल्याचा. मी शेडच्या मध्यभागी उभा होतो. सगळं जागच्या जागी होतं. प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली होती. आणि ज्या वस्तूवर एका माणसाचं घर अडकलं होतं, ती कुठे ठेवली हे मला आठवत नव्हतं.

मग माझी नजर पटाश्यांच्या स्टँडवर गेली.

फळीवर तीन गोल चकत्या, त्यांना भोकं, भोकांत पटाश्या, पेचकस, कानशी. वरचा भाग स्वच्छ, घासलेला. खालची बाजू घाण होती म्हणून मी ती फळीला टेकवून चिकटवली होती. घाण आत, चांगलं बाहेर.

"ते," मी बोट दाखवलं. "तेच ते आहेत. तीन."

"तीन?" मॅडम म्हणाल्या. "आणि चौथा?"

"बघू आधी हे."

निकेश परत आला, हात राखेने भरलेले. "उकलतो म्या," म्हणत त्याने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"नाही!" मी ओरडलो. आयुष्यात मी कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. निकेश थांबला. "फाटेल ते. ठसा खालच्या बाजूला आहे. मला काढू दे."

मी स्टँड शिकंज्यात आवळला. मला माझ्या कामाची खात्री कधीच नसते, म्हणून मी सगळ्याला जास्तच खिळे ठोकतो आणि फेविकॉल जास्तच लावतो. त्याचं फळ आता समोर होतं. एकेका चकतीला पाच-पाच खिळे, आणि गोंद असा की दगड. मी सगळ्यात पातळ पटाशी सांध्यात घातली.  पटाशीचं टोक लाकडावर टक टक वाजत होतं आणि ते शेडमध्ये सगळ्यांना ऐकू येत होतं. मुखरू माझ्या जवळ येऊन उभा राहिला.  त्याने चकती दोन्ही हातांनी धरली, ती हलू नये म्हणून. त्याच्या अंगठ्याच्या अगदी जवळ माझी पटाशी होती.

"हात काढ, लागेल," मी म्हणालो.

"लागू द्या."

थोडं थोडं करत सांधा उघडला. गोंद कुरकुरला, खिळे वाकले, आणि पहिली चकती सुटून आली. शेणाचा काळा थर तिच्याबरोबर आला होता. काही भाग फळीलाच चिकटून राहिला.

सत्यशीलाने तांब्यातलं पाणी ओतलं. मी दातांच्या जुन्या ब्रशने घासायला लागलो. काळं पाणी खाली गेलं, लाकूड दिसायला लागलं, आणि त्या लाकडात खोल दाबलेला अर्धा गोल दिसला. आणखी घासलं. पूर्ण गोल, आत अक्षरं.

मॅडमनी मोबाईलचा उजेड धरला आणि पास शेजारी धरला. "हं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी चकती उचलून एकेका बल्लीच्या बुडाला लावून पाहिली. दुसऱ्या बल्लीला ती बसली. एक बारीक तडा बल्लीतून चकतीत सरळ जात होता.

मुखरूने त्या तड्यावरून अंगठा फिरवला.

दुसऱ्या चकतीत माझंच एक भोक ठशाच्या मधून गेलं होतं. अर्धी अक्षरं उरली होती. मॅडमनी ती पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली, बल्लीला लावली, लाकडातल्या वर्षांच्या रेघा जुळवल्या. शेवटी होकाराची मान हलवली. तिसरी चकती सहज निघाली, आणि तिचा ठसा सगळ्यात स्वच्छ होता.

"चौथी?" मॅडम म्हणाल्या.

आता मला आठवलं होतं. चौथी सगळ्यात जाड होती, लांब बल्लीची. तिला भोक पाडताना गिरमिट सरकलं आणि ती मधोमध फुटली. मी ती रागाने टोपलीत टाकली होती. स्वतःवरच्या रागाने.

"ती जळली," मी म्हणालो.

"दोन फाकी होत्या का? शेन लागलेल्या?" सत्यशीलाने विचारलं. मी मान हलवली. तिने कपाळाला हात लावला. "परवाच जाळल्या. मले वाटलं, गवरीच हाय."

कोणी हसलं नाही.

मॅडम लांब बल्लीपाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, मला तुमचं पटलंय. मुखरूचंही. तीन बल्ल्या त्याच्या आहेत, मी तसं लिहून देते. पण या चौथीला मी काय दाखवू? उद्या कोणी मला विचारलं, तर शेणात होती, चुलीत गेली, असं सांगू?"

"आडं हाय ते मॅडम," मुखरू म्हणाला. "त्याच्याबिगर छप्पर कशावर बसन?"

"मला कळतंय रे. पण ही मला न्यावी लागेल. तू यायची गरज नाही. ह्या चकत्याही नेते, पुरावा म्हणून."

निकेशने लांब बल्ली खाली घेतली.  मुखरूने पुन्हा बल्ली घ्यायची तर डेपो केव्हा उघडणार, पास केव्हा मिळणार, हे सगळे मनात मोजत होते. बुधरी अंगणातून आकाशाकडे बघत होती. दक्षिणेकडे ढग यायला लागले होते.

मी बल्लीच्या मागोमाग शेडबाहेर आलो. ती गाडीकडे नेताना मी वर बघितलं, का ते सांगता येणार नाही. शेडचं आढं भिंतीच्या बाहेर हातभर आलेलं आहे. शेड बांधली तेव्हापासूनचं. त्याच्यावर चिमण्या बसतात आणि खालच्या भिंतीवर घाण करतात. तेही कापून सारखं करायचं माझ्या मनात होतं. शिडीवर चढायची भीती वाटली म्हणून राहिलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो. "जरा वर उजेड मारता का?"

त्यांनी मोबाईल वर धरला. काळ्या पडलेल्या लाकडावर, चिमण्यांच्या घाणीच्या बाजूला, जुना गोल ठसा होता.

"हे माझं आहे. शेड बांधताना डेपोतून घेतलेलं. गावातल्या गावात एका छपराचं दुसऱ्या छपराला गेलं तर चालेल का?"

मॅडमनी ठसा बराच वेळ पाहिला. "हा तर दिसतोय," त्या म्हणाल्या. "गावाबाहेर नका नेऊ. बाकी मी काही पाहिलं नाही असं नाही, पाहिलं आहे आणि हरकत नाही."

"भाऊ, नाई," मुखरू म्हणाला. "तुमचं छप्पर उघडं पडन. आत्ताच तं सगळं नीट लावलं तुमी."

मला काही मोठं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "कवेलू उतरवायला चार माणसं लागतील. तू बघ."

"आन ते डबे?" सत्यशीलाने विचारलं. "ते कुठी ठेवसान? माह्या सैपाकघरात?"

"हो," मी म्हणालो.

 सत्यशीलाने पदर खोचला आणि डबे उचलायला आत गेली.

मिरगाच्या आदल्या दिवशी मुखरूचं छप्पर चढलं. माझ्या शेडच्या चार भिंती आता उघड्या आहेत आणि आत कोंबड्या परत आल्या आहेत. खिळ्यांचे डबे हळद-तिखटाच्या डब्यांशेजारी आहेत. सत्यशीला त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवते आणि पाहुण्यांना हसवते. पटाश्या एका टोपलीत आहेत, एकमेकींवर पडलेल्या. नंदिनीला मी अजून फोटो पाठवलेला नाही.

मुखरूचं घर माझ्या शेडपेक्षा थोडं आखूड आहे. त्यामुळे आढं तिथेही भिंतीच्या बाहेर आलं आहे, दीड हात तरी. त्या टोकाला बुधरी पाण्यासाठी वाळवलेला दुधीचा तुंबा टांगते. मुखरूने आढ्याला शेण लावलेलं नाही. परवा मी त्याच्या अंगणात उभा राहून वर बघत होतो, तर तो पटकन पुढे आला.

"भाऊ," तो म्हणाला, "करवत कुठी हाय तुमची?"

"टोपलीत."

"बरं हाय. राहू द्या टोपलीतच."